फुवा घर बघायला जातात

सुरतेत जन्म काढलेली माणसं पुष्कळ भेटतात, पण सुरत खरोखर पाहिलेला माणूस माझ्या माहितीत एकच: माझे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान. तरुणपणी धुळ्याकडून आले, सुरतेजवळच्या सचिन गावी कापडरंगाईच्या कारखान्यात नोकरी केली, नवागाममध्ये घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी जुन्या सुरतेतली घरं बघत हिंडू लागले. गाईड नाही, नकाशा नाही. मी एकदा मोबाइल काढला, तर म्हणाले, "त्यातच बघायचं होतं तर घरी काय वाईट होतं?" चालताना मान कायम वर. त्यामुळे ते स्कूटरवाल्यांना धडकत आणि गायींनाही, आणि दोघांची सारख्याच अदबीने माफी मागत. आम्हा घरच्यांशी ते अहिराणीत बोलत, "वर देख माय, वर! खाले काय शे?" आणि बाकी जगाशी स्वतः तयार केलेल्या गुजरातीत.

इमारत रस्त्यापलीकडूनच बघायची, हा त्यांचा नियम. पलीकडे बहुधा साड्यांचं दुकान असायचं. फुवा पायरीवर उभे राहून समोरच्या कोरीव झरोक्यात हरवलेले, आणि मागे दुकानदार उत्साहाने साड्या उलगडतोय. एकदा भानावर येऊन वळले तर गादीवर ढीग. संकोचापायी एक घेऊन आले. आत्याला आनंद झालाच नाही. "खरं सांगा, काय करून आलात?" हे ती कितीतरी दिवस विचारत होती.

गोपीपुऱ्यातलं एक लाकडी घर मात्र त्यांचं विशेष लाडकं. त्याच्या खांबांवर पोपट कोरलेले होते. फुवा त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "भाई, घर वेचवानुं नथी!" आपल्याला घर विकायला लावणारा दलाल समजलेलं पाहून फुवा इतके दुखावले की चक्क रस्ता ओलांडून दारात गेले आणि आपण फक्त बघायला आलो आहोत, हे त्यांच्या गुजरातीत समजावू लागले. ती गुजराती ऐकून त्या म्हातारीला, म्हणजे बांना, हसू आवरेना. दलाल असा बोलत नाही, याची खात्री पटल्यावर त्यांनी चहाला आत बोलावलं. पुढे तो चहा दर रविवारचा झाला.

बा एकट्याच राहत. मुलगा वेसूला नव्या फ्लॅटमध्ये. तो त्यांना बोलवायचा आणि त्या नाही म्हणायच्या. गेल्या वर्षी त्या दादरावरून पडल्या. शिडीसारखा उभा लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर; एका हाताने तो धरून वरून चहा आणताना बांचा चहा नेहमी थोडा सांडायचा. त्यानंतरच्या रविवारी मीही गेले होते. पाय पाटावर ठेवून बसलेल्या बांनी विचारलं, "तमे कहो भाई, वेची दउं?"

मला वाटलं, फुवा आता पोपटांची बाजू घेणार. ते दादराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वेची नाखो, बा. आ दादर हवे तमारा माटे नथी." बांनी होकारार्थी मान हलवली. परतताना मी विचारलं, "विकून टाका, असं कसं म्हणालात?" फुवा चिडले. "मग काय म्हणू? पडत राहा म्हणू?" आणि त्या दिवशी दुसरं एकही घर न बघता ते बस स्टॉपवर जाऊन बसले.

बांनी घर विकलं; ते पाडलं तेव्हा आम्ही गेलो नाही. मध्यंतरी मात्र फुवा मला घेऊन वेसूला, मुलाकडे राहायला गेलेल्या बांना भेटायला गेले. नवी इमारत, लिफ्ट, पांढऱ्या भिंती. बघण्यासारखं म्हणावं असं काहीच नव्हतं. बा स्वयंपाकघरातून आल्या, दोन्ही हातांत चहाचे कप, कशालाही न धरता. "बघा," त्या गुजरातीत म्हणाल्या, "आता सांडत नाही." फुवांनी कप घेतला आणि चहा फार चांगला झालाय म्हणाले. मग गोपीपुऱ्याचं नावही न काढता दोघं बराच वेळ गुडघ्यांवरच्या तेलाबद्दल बोलत बसले. निघताना लिफ्टमध्ये मी विचारलं, "बरं वाटलं ना?" फुवांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बांना बरं वाटतंय," एवढंच म्हणाले.