एकट्या गजाचं गाणं

"बाई, गज साथीचा. एकटा गज कोण ऐकतंय? न्हाई जमायचं!" आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी चारचौघींत सुनावलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पिंपरीतली कारखान्याची वसाहत तेव्हा नवीकोरी होती. नवरा बॉयलरवर कामाला, आणि मी मिरजेहून दिलरुबा घेऊन आलेली सून. गज ओढून वाजवायचं वाद्य ते. दर गुरुवारी गाणाऱ्या बायकांच्या मागे मागे फरफटायचं, एवढंच त्याचं काम. वसाहतीच्या गणपतीत मला दिलरुबा एकटीनं वाजवायचा होता. सासूबाईही बुवांच्याच बाजूच्या. "देहूचे आहेत ते, त्यांना कळतं," म्हणाल्या. देहूचे असले म्हणून काय झालं!

त्याच सुमारास कारखान्याच्या परदेशी साहेबाच्या मडमेनं आम्हा बायकांना चहाला बोलावलं आणि ग्रामोफोनवर तबकडी लावली. मोडक्या हिंदीत सांगितलं, हे चेलो नावाचं वाद्य, आणि हे बरोक काळातलं प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीला वाजवायचा तुकडा, दोनशे वर्षांहून जुना. चेलोही गजानंच वाजवतात म्हणे. आम्ही पदर सावरून वाट बघत बसलो. आता तबला येईल, मग बाई गायला लागेल... तेवढ्यात तबकडी खरखरून थांबली.

"अगोबाई, झालं? गाणारी आलीच नाही का?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मी हट्टानं तबकडी पुन्हा लावायला लावली. बाकीच्या कंटाळून उठल्या. मला एकटीला सोडून जाता येईना, म्हणून सासूबाई तेवढ्या थांबल्या. या खेपेला मी गाणारीची वाट बघणं सोडून दिलं. मग ऐकू आलं. सूर वर चढायचा, मधूनच खाली खर्जाला शिवून यायचा, आणि तो खर्ज पुढचे सूर वाजत असतानाही कानात राहायचा. दुसरं कुणी नव्हतंच तिथं. ते वाद्य आपली साथ आपणच करत होतं. मला रडू फुटलं, आणि रागही आला. इतकी वर्षं हे मला कुणीच का सांगितलं नाही?

"एकटंच आहे गं ते," सासूबाई हळूच म्हणाल्या.

गणपतीत भजन सुरू व्हायच्या आत मी दिलरुबा घेऊन सरळ मधोमध जाऊन बसले. बुवांनी पेटी पुढं ओढली.

"पेटी राहू द्या, बुवा. तबलाही नको."

मांडवात कुजबूज झाली. नवऱ्यानं मान खाली घातली. घालू दे! खर्जावर गज टेकवला आणि भूप धरला. एकदा बोट घसरलंसुद्धा. पण थांबले नाही, शेवटपर्यंत वाजवला.

बुवा लोकांकडं बघून हसले. "व्हय, सूर लागले. आता गाणं कधी, बाई?"

पुढच्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "गाणं झालं, बुवा. तुमचं लक्ष कुठं होतं?"