जागा निघाली नाही, भरली

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना वाईट वाटेल, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर सांगायची लाज मलाच वाटत होती.

दोन हजार चारच्या सुमाराला मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. मालक पुण्याचे, बाकी बहुतेक मराठीच. शुक्रवारी कोणीतरी घरून पोहे आणायचं आणि मायक्रोवेव्हपाशी लिंबाच्या फोडींवरून भांडणं व्हायची. ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. रिसेप्शनवर एक कृष्णवर्णीय बाई होती. सगळे मला काका म्हणतात, तेव्हा तेच माझं नाव असणार, असं समजून ती मला 'मिस्टर काका' म्हणायची. आम्हाला गंमत वाटायची, म्हणून कोणी तिला दुरुस्त केलं नाही.

पुढे सरकारी कंत्राट मिळालं आणि त्याबरोबर अट आली. वर्ण, धर्म, लिंग बघून आम्ही माणसं घेत नाही, हे सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावायचं; रिकाम्या जागा राज्याच्या रोजगार कार्यालयाला कळवायच्या. दोन्ही कामं माझ्याकडे होती. सूचना मी जेवणाच्या खोलीत लावली. पोह्यांची बशी हातात धरून रिसेप्शनवरच्या बाईने ती अक्षरन् अक्षर वाचली.

"मिस्टर काका, मी टेस्टिंगचा कोर्स करतेय. जागा निघाली तर सांगाल ना?"

"हे काय विचारणं झालं? पहिलं तुलाच सांगेन."

जागा निघाली ती मंडळाच्या दिवाळीत, जेवणाच्या रांगेत. मालक म्हणाले, "काका, एक टेस्टर हवाय. आपला माणूस बघा ना कोणी." रांगेत पुढेच नागपूरचा एकजण उभा होता. श्रीखंड वाढून होईपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा. आम्ही सगळे असेच नोकरीला लागलो होतो. रोजगार कार्यालय मला आठवलंही नाही. ती आठवली, पण मी गप्प बसलो.

तो रुजू झाला, तेव्हा त्याचं ओळखपत्र तिनेच बनवलं. मग माझ्या टेबलाशी आली.

"जागा कधी निघाली होती?"

"निघाली अशी नाही... भरली."

"मग ते भिंतीवरचं कोणासाठी आहे?"



उन्हाळ्याआधी तिने दुसरी नोकरी धरली, तीही रिसेप्शनचीच. निरोपाच्या दिवशी केक कापून झाल्यावर एकेक जण तिच्याशी दोन शब्द बोलत होता. 'ती जागा मी तुझ्यापासून लपवली, मला माफ कर,' हे इंग्रजीत मी घरून घोकून आलो होतो. माझी पाळी आली. ती थांबून माझ्याकडे बघत होती.

"केक छान आहे," मी म्हणालो.