आठवडा धोंडीरामचा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. वडिलांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठीच, की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडायची छाती मला कधीच झाली नाही. आजही झालेली नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

कुठून सुरू करू? शाळेपासून करतो.

गंगाखेडच्या अलीकडे, नदीकाठी आमचं गाव. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं आणि उर्दू शाळा मराठी झाल्या. शाळा झाली, पण तिला इमारत कुठली? महादेवाच्या देवळाच्या ओवरीत पोरं बसायची. फळा खांबाला टेकवलेला. मास्तर दोन. एक मी, दुसरा धोंडीराम.

मी देवळातल्या पुराणिकाचा मुलगा. धोंडीराम धनगराचा. त्याच्या सगळ्या वाडीत खडू हातात धरणारा तो पहिला. शिकला होता उर्दूत, त्यामुळे मराठी लिहिताना अडखळायचा. त्याचं अक्षर मी वळवून दिलं. मी कित्ता काढायचा आणि तो चोविसाव्या वर्षी पोरासारखा गिरवायचा. मोठा गुणी माणूस, नाकासमोर चालणारा. त्याची आई मेंढरं घेऊन देवळावरून जायची ती घटकाभर थांबायची, टोपी घातलेल्या लेकाकडे बघायची आणि पुढे निघायची. नोकरी त्याची कच्ची होती. शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला पडला की तो कायम होणार होता. त्याच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं.

आता दाढेचं सांगतो.

एका पुरानंतर नदीची दरड कोसळली आणि तिच्यातून एक दाढ निघाली. काळी, दगडासारखी जड, वर आडव्या कडा. दोन्ही हातांनी उचलावी लागे. वडिलांनी ती पाहिली आणि जागच्या जागी दंडवत घातला. ही वराहाची दाढ, म्हणाले. बुडालेली पृथ्वी देवानं हिच्यावर तोलून वर आणली. झालं! दाढेला शेंदूर लागला, ओवरीतल्या कोनाड्यात तिची स्थापना झाली, आणि रविवारच्या पुराणाला आसपासच्या पाच-सहा गावांतून माणसं येऊ लागली. वडील रंगून सांगायचे. ढोंग नव्हतं हो त्यात, हे मला मान्य करायलाच हवं. त्यांचा विश्वास होता. बायका डोळे पुसायच्या.

आणि मला ठाऊक होतं, की ती हत्तीची दाढ आहे. माझ्याकडे परभणीहून आणलेलं एक पुस्तक होतं. माणूस कुठे नव्हता तेव्हाचे हत्ती, त्यांची हाडं, दाढांची चित्रं—हुबेहूब. पृथ्वी सूर्यापासून सुटलेला तप्त गोळा, थंड होत होत ती अशी झाली, वय सुमारे दोनशे कोटी वर्षं. गंमत बघा, वडिलांच्या पंचांगात पहिल्याच पानावर सृष्टीचं वय छापलेलं असायचं, तेही दोनशे कोटींच्या जवळपासच. म्हणजे भांडण वर्षांचंसुद्धा नव्हतं. मग कशाचं होतं? माझं आणि वडिलांचं होतं. दुसऱ्या कुणाचं त्यात काही नव्हतं.

दर रविवारी मी त्यांच्या पोथीशेजारी बसून मान डोलवायचो आणि आत धुमसायचो. सांगून टाकावं असं हजारदा वाटलं. पण घरात ताट वाढून मिळत होतं, गावात पुराणिकबुवांचे चिरंजीव म्हणून मान होता. तो कोण सोडणार?

आमच्या शाळेत एक पद्धत होती. फळ्याच्या वरच्या भागात एक सुविचार आणि खाली दोन ओळी सामान्य ज्ञान लिहायचं. एक आठवडा मी, एक आठवडा धोंडीराम. सोमवारचं शनिवारी दुपारी लिहून ठेवायचं, म्हणजे रविवारी देवळात आलेल्या लोकांनाही दिसतं. त्या शनिवारी धोंडीरामनं सुविचार लिहिला, 'रोज पहाटे उठावे'. खाली शून्याचा शोध की काय ते लिहिलं आणि तो वाडीला गेला. मी मागे राहिलो. त्याच्या त्या दोन ओळी पुसल्या आणि तिथे लिहिलं: 'पृथ्वीचे वय दोनशे कोटी वर्षे. ती सूर्यापासून निघाली, कोणी दाढेवर उचलून आणलेली नाही. कोनाड्यातील दाढ हत्तीची आहे.'

रविवारी गावानं ते वाचलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. पुराण झालंच नाही. वडील पोथी मिटून बसून राहिले. मी त्यांना पाणी दिलं. हो, मीच दिलं.

सोमवारी देवळापुढच्या पारावर माणसं जमली. पाटील मध्ये. धोंडीरामला उभं केलं. तो फळ्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. "म्या न्हाई लिव्हलं," एवढंच दोनदा म्हणाला. कोण ऐकतंय? मेंढक्याचं पोर चार बुकं शिकलं आणि देवाच्या दाढेवर उठलं, असं लोक त्याच्या तोंडावर बोलत होते. आणि तुम्हाला सांगू का, सगळ्या गावात त्या दाढेवर सगळ्यात जास्त भाव त्याचाच होता! रोज शाळेत आला की आधी कोनाड्यापुढे हात जोडायचा, मग हजेरी घ्यायचा. त्यानं तर माझं ते पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं.

पाटलांनी मला विचारलं, "मास्तर, तुमी सांगा. कुणी लिव्हलं ह्ये?"

मी म्हटलं, "आठवडा धोंडीराम मास्तरांचा होता."

बघा, शब्द खरा होता. एकही अक्षर खोटं नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो, की आपण खोटं बोललो नाही, विचारलं त्याचं उत्तर दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर साक्षीला उभा होता, आणि त्याची साक्ष गावानं मान डोलवून घेतली.

धोंडीरामनं डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली.

महिन्याभरात इन्स्पेक्टरसाहेब आले, कागद झाला, नोकरी गेली. त्याची आई त्यानंतर मेंढरं देवळावरून न्यायची नाही, मागच्या पांदीच्या वाटेनं न्यायची. वडिलांनी दाढेला अभिषेक घातला. संकल्प सोडायला त्यांच्याशेजारी मी बसलो होतो.

इथवर सांगितलं ते भित्रेपण झालं. भित्री माणसं पुष्कळ असतात, तुम्ही कदाचित समजून घ्याल. पण थांबा. अजून एक राहिलंय, आणि तेच सांगता येत नाहीये.

मी त्या शनिवारची वाट बघत होतो. माझ्या आठवड्यात ते लिहायचा विचारही मी केला नाही. आणि लिहिताना—अक्षर त्याच्यासारखं काढलं. मीच वळवलेलं अक्षर ते, मला कितीसं अवघड? तो खडू दाबून लिहायचा, त्याच्या ओळी उजवीकडे उतरत जायच्या. मी खडू दाबला. ओळी उतरवल्या. एक ओळ सरळ आली, तर ती पुसून पुन्हा लिहिली.

आता म्हणा भित्रा.

सात-आठ वर्षांनी गावात शाळेची इमारत झाली, सातवीपर्यंत वर्ग झाले आणि मी हेडमास्तर झालो. सरकारनंच छापलेल्या पुस्तकात पृथ्वी सूर्यापासून निघाली. मी ती वर्गात मोठ्यानं शिकवली, वडिलांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे तर पुस्तकवाल्यांनी पृथ्वीचं वय दुपटीहून वाढवलं. म्हणजे ज्या आकड्यापायी एका माणसाची भाकरी गेली, तो आकडाही चुकीचाच.

मी हेडमास्तर झालो त्याच सुमारास धोंडीराम घरी आला. आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची होती, त्याचं बोलायला. खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली. बोलणं ठरलं तरी उठेना. मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी लिव्हलं व्हतं त्ये मला तवाच कळलं व्हतं. त्येचं आता काय न्हाई. पर येक सांगा, लय दिस इचारायचं व्हतं. त्ये खरं हाय का? ती दाढ हत्तीची हाय?"

वडील आतल्या सोप्यात जप करत होते. माळेचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "पुराणात एक असतं, पुस्तकात एक असतं. आपण काय सांगावं, धोंडीराम?"

त्यानं घोंगडी खांद्यावर सारखी केली आणि म्हणाला, "मंग मी अजून हात जोडतो, त्ये चुकत न्हाई म्हणायचं." त्याच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्यासारखं दिसलं. काठी घेऊन तो निघून गेला. मी त्याला फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

आत येऊन सातवीचे पेपर तपासायला घेतले. पहिलाच प्रश्न होता, पृथ्वीची उत्पत्ती कशी झाली? सूर्यापासून, असं ज्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्यांना मी पूर्ण गुण दिले.