उरलेला एक शब्द

माझे काका घड्याळजी. बंद पडलेलं काहीही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. "उघडल्याशिवाय कळणार कसं?" हे त्यांचं जन्माचं पालुपद. रेडिओ, इस्त्री, बाबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळं त्यापायी एकदा तरी टेबलावर सुटं होऊन पडलंय. निम्मं पुन्हा चालू झालं, निम्म्याचं आमच्या घरात नाव काढत नाहीत.

काकूला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या बडबड्या बाईजवळ एकच शब्द उरला: नको. चहा हवा असला तरी नको, पंखा लावायचा असला तरी नको, मला बघून हसतानाही नको. "लग्न झाल्यापासून हेच तर ऐकतोय," काका म्हणाले. सुरुवातीला त्या 'नको'चा अर्थ लावायला ते धडपडायचे. मग त्यांनी तो शब्द ऐकणंच सोडून दिलं.

काकू जेवेना. दवाखान्यात असताना तिच्या खिडकीसमोर बर्ड ऑफ पॅरडाइज नावाचं फूलझाड फुललं होतं, चोच उघडलेल्या पाखरासारखं. तेवढं मात्र ती टक लावून बघायची. म्हणून काकांनी त्याच्या वाळक्या बोंडातून तीन बिया आणल्या, काळ्याभोर, डोक्यावर केशरी झिपऱ्या असलेल्या. बारीक कानशीने टणक कवच घासलं, कोमट पाण्यात भिजवल्या आणि कुंडीत लावून कुंडी घरी काकूच्या पलंगासमोर, दिव्याच्या उबेत ठेवली. कुंडीकडे बघत काकू चमचा चमचा गिळू लागली. आमच्या जिवात जीव आला.

ही बी उगवायला महिने घेते. काकांना कुठला धीर? चिमट्याने उकरून बघायचे. दोन बिया त्यातच कुजल्या. "तिसरीला हात लावलात तर याद राखा," मी दम भरला. त्यांनी कान पकडले.

एका सकाळी मी सूपची वाटी घेऊन आले, तर माती किंचित वर उचललेली आणि काका डोळ्याला भिंग लावून कुंडीवर ओणवे.

"नको," काकू म्हणाली. मग जीव खाऊन, "नको! नको!"

"बरं बाई, सूप नको तर नको," काका मान वर न करता म्हणाले.

मी "काका!" म्हणेपर्यंत बी चिमट्यात आली होती. मूळ मात्र खाली घट्ट रुतलेलं होतं. ते तुटून मातीतच राहिलं.

काकांनी बी परत ठेवली, बोटाने माती सारखी केली. "अजून काहीच नाही गं," म्हणाले. धड खोटंही बोलता येत नाही या माणसाला. काकूने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मी चमचा लावला, ते उघडले नाहीत.

आता तिच्या पोटात जातं ते नळीतून. तो शब्दही गेला. काका दुकान बंद ठेवून उशाशी बसतात. "चहा देऊ? पंखा लावू?" प्रत्येक प्रश्नानंतर थांबतात, कान तिच्या ओठांशी नेतात.

"बरं, मी जाऊ का इथून?" असं विचारतात, आणि तसेच वाकून राहतात.