पद्माचं वाक्य

सोलापुरात गल्लीतून जाताना विड्या वळायच्या ओल्या तेंदूपानांचा वास आला की मला अजून बेचैन व्हायला होतं.

आठवीत इंग्रजीतला चालू भविष्यकाळ शिकवताना सरांनी विचारलं, “उद्या या वेळी काय करत असशील?” माझ्या बाकावरची पद्मा उठली. तिची बोटं सवयीनं वहीचा कोपरा विडीसारखा वळत होती.

“आय विल बी रोलिंग बिडीज.”

वर्ग हसला, मीही हसले.

“वाक्य बरोबर आहे. बस,” सर म्हणाले.

“खरंच का गं?” मी कुजबुजले.

“व्हय की,” म्हणत ती फळ्यावरचं पुढचं वाक्य उतरवू लागली.

दुसऱ्या दिवशी बाकावर मी एकटीच होते.

आता तो धडा मी शिकवते. मुलीचं वाक्य बरोबर आलं, तरी “बस” म्हणायला जीभ रेटत नाही.