रकानेबाई

आमच्या कार्यालयात तिला सगळे रकानेबाई म्हणायचे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सरकारी सोयींच्या फॉर्मवर पूर्वी फक्त पालकाची सही असायची. "माझ्या भावाला तोंड आहे," म्हणत ती सात वर्षं साहेबांच्या खनपटीला बसली. काजं-बटणं करून पोट भरणारी बाई, दुपार आमच्या बाकावर काढायची. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "घाला एक रकाना, पण हिला आवरा." तो मीच टाइप केला : 'अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं.' त्यात होकार नसेल तर अर्ज पुढे जाणार नाही, ही ओळही तिचीच.

मग ती दुसऱ्यांच्या मुलाबाळांसाठीही चपला झिजवू लागली. साहेबांच्या नाकी नऊ आणले तिने. माझ्याही.

आता तिने साठी ओलांडलीय, गुडघे गेलेत. भाऊ पन्नाशीचा, साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळतो. त्याला रात्री झटके येतात, म्हणून ती कित्येक वर्षं सलग झोपलेली नाही. अशांना कायमचं ठेवून घेणाऱ्या देखरेखीच्या घराच्या यादीत तिने त्याचं नाव लावलं होतं; जागा मिळायला नऊ वर्षं लागली. प्रवेशाचा अर्ज घेऊन आली तेव्हा म्हणाली, "आता झोपेन हो."

नियमाप्रमाणे तिला बाहेर बसवून मी भावाला आत घेतलं. हा नियमही तिनेच भांडून करून घेतलेला. त्याने दातांत जीभ धरून सावकाश लिहिलं : 'नाही. मला ताईकडे राहायचंय.'

मी तिला आत बोलावून कागद तिच्यापुढे ठेवला. जगाला 'त्याला विचारा' म्हणून सांगणाऱ्या या बाईने घरी त्याला विचारलंच नव्हतं. नुसतं सांगितलं होतं. तिला भावाचा राग आला, तोंडावर दिसला.

साहेब हळूच म्हणाले, "त्याला काय कळतंय? तुम्ही सही करा, ते मी खोडतो."

तिने पेन उचललं. खरं सांगतो, मला वाटलं, कर बाई सही. एवढ्या खस्ता काढल्यास, कोण नावं ठेवणार आहे?

"दमलेय हो मी," ती म्हणाली. पेन खाली ठेवलं. "पण खोडू नका."

भावाने पिशवी उचलली. "ताई, घरी?"

"बस जरा. मला उठवत नाहीये."

तो शेजारी बसला. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. त्याला जागा दिल्याचं पत्र मी ती दोघं निघून गेल्यावर टाइप केलं.