चौदा वर्षं जपलेली झबली

चौदा वर्षं मी एकच दुआ मागत होते. सुरुवातीला ती दुआ होती, नंतर नंतर तगादा झाला. सजद्यात डोकं टेकायचं आणि मनातल्या मनात भांडायचं, सगळ्यांना देतोस, मग माझ्याच वेळी तुझा हात का आखडतो? मी मुळात हट्टी. आई म्हणायची, या पोरीला ‘नाही’ ऐकूच येत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दुबईतल्या देरा भागातल्या याच फ्लॅटमध्ये पाचव्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं. त्याच्यासाठी आईनं रत्नागिरीहून झबली, टोपडी आणि एक गोधडी शिवून पाठवली होती, दीड-दोन वर्षं पुरतील अशी चढत्या मापाची. मूल गेलं, वर्षभरात आईही गेली, पण कपडे मी टाकले नाहीत. बॅगेत डांबरगोळ्या घालून ठेवले आणि दर ईदनंतर जुन्या गोळ्या काढून नव्या घालत राहिले. हे, म्हणजे माझे मिस्टर, बघायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे.

शेवटी आम्ही मूल घ्यायचं ठरवलं. गावाजवळच्या अनाथाश्रमात दीड महिन्याचा मुलगा होता. आईबापाचा पत्ता नव्हता. आश्रमानं त्याचं नाव रेहान ठेवलं होतं. गावच्या मौलानांना विचारलं तेव्हा ते खूश झाले, पण एक अट त्यांनी स्वच्छ सांगितली. “मोठा सवाब आहे, बेटी. पण पोर अमानत आहे, अल्लाहची ठेव आहे. त्याला जीव लावा, वाढवा, फक्त आपल्या पोटचं म्हणून सांगू नका. ज्यांनी जन्म दिला त्यांचं नातं पुसायचा हक्क आपल्याला नाही.” मोठा झाल्यावर तो मला परका पुरुष ठरून त्याच्यापासून पडदा करावा लागू नये, म्हणून माझी धाकटी बहीण सलमा हिनं त्याला आपलं दूध पाजलं. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता. आमच्यात दुधाचं नातं रक्तासारखंच मानतात. सलमा त्याची दूधआई झाली आणि मी खाला, म्हणजे मावशी. सगळे म्हणाले, छान झालं. मी मात्र दाराआड उभी राहून त्याचं ते चुटूचुटू पिणं बघत होते आणि आपल्या सख्ख्या बहिणीवर जळत होते. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

कोर्टानं आम्हाला पालक नेमेपर्यंत, मग पासपोर्ट, शिक्के आणि व्हिसा होईपर्यंत सव्वा वर्ष गेलं. एवढा काळ बाहेर राहिल्यानं माझाही व्हिसा गेला, तोही नव्यानं करावा लागला. अखेर रेहानला कडेवर घेऊन मी दुबईला उतरले. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण भेटली. “माशाल्ला! म्हणून गायब होतात होय? डिलिव्हरी गावालाच केलीत? नॉर्मल की सिझर?” तिनं विचारलं.

“नॉर्मल,” मी म्हटलं.

किती सहज निघालं तोंडातून! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. अंगानं मी भरलेली, त्यात सैल बुरख्यासारखी अबाया, त्यामुळे जाताना पोट होतं की नव्हतं हे कुणाला आठवणार? बॅगा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या ह्यांनी मान खाली घातली. घरात आल्यावर म्हणाले, “कशाला खोटं बोललीस? उद्या कळलं तर?” मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच संध्याकाळी मी ती बॅग उघडली, झबली काढली आणि माझ्या मुलाला माझ्या आईच्या हातचे कपडे घातले. धुवावेत असं मनात आलं होतं. पण आईचा हात लागलेलं कापड पाण्यात घालवेना. तीन दिवस तो त्याच गोधडीत निजत होता.

चौथा दिवस शुक्रवार होता. सकाळपासून रेहान मलूल होता. दुपारी लंगोट बदलताना पाहिलं तर लघवी काळ्या चहासारखी. डोळे हळदीसारखे पिवळे आणि ओठ पांढरे. हे जुम्याच्या नमाजाला गेले होते, फोन बंद. मी त्याला गोधडीत गुंडाळलं, टॅक्सी केली आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर आपल्याकडचेच होते, तरुण, घाईत पण शांत. रक्त काढलं आणि म्हणाले, “इसका खून अंदर ही अंदर टूट रहा है, बहुत तेजी से. कारण ढूंढना पड़ेगा. पैदा होने के बाद जॉन्डिस हुआ था?”

“नहीं.”

“आपके मायके में किसी लड़के को ऐसा कुछ? आपके भाई, मामू? ये बीमारी माँ की तरफ से आती है, इसलिए पूछ रहा हूँ.”

“नहीं, सब ठीक हैं,” मी म्हटलं. माझे दोघे भाऊ धडधाकट आहेत, त्यामुळे यात शब्दानंही खोटं नव्हतं. फक्त ते भाऊ त्याचे कुणी नव्हते. डॉक्टरांनी काहीतरी खोडलं, मग इन्फेक्शन असेल म्हणाले, आणखी तपासण्या लिहिल्या आणि बेड मिळेपर्यंत बाहेर थांबायला सांगितलं. आश्रमाच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, जन्मानंतर कडक कावीळ, पाच दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. ते मला पाठ होतं. तरी माझं तोंड उघडेना. आता सांगितलं तर जन्माचं सगळंच निघेल आणि मी आई राहणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पोर मांडीवर विझत होतं आणि मी मूठ झाकून बसले होते.

शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी अरब बाई येऊन बसली. काळी अबाया, हाताला मेंदी. रेहानकडे पाहून काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या कपाळाचा मुका घ्यायला वाकली. तिचा चेहरा गोधडीपाशी आला आणि ती झटकन मागे सरली. पुन्हा वाकली, गोधडीचा वास घेतला. मग जुन्या दुबईकरांना येतं तसल्या हिंदीत म्हणाली, “ये बू! कपड़े में गोली रखा तुम? सफेद गोली?”

मी मान हलवली. तिनं मला विचारलंही नाही, सरळ गोधडी सोडायला लागली. “निकालो. यल्ला, सब निकालो!” टोपडं काढलं, झबलं काढलं, आपल्या डोक्यावरची शाल त्याच्याभोवती गुंडाळली. “मेरा पहला बच्चा. ये बू, ऐसा पीला आँख. उस टाइम डॉक्टर को मालूम नहीं था.” तिनं तळहात उलटा केला. “खलास.” मग माझ्याकडे पाहिलं. “माँ से आता है ये. तुम्हारा भाई को है?”

त्या बाईपुढे मला खोटं बोलता आलं नाही. “मैंने पैदा नहीं किया इसको,” मी म्हटलं. चौदा वर्षांत मला एवढं रडू आलं नव्हतं. वाटलं आता ही तोंड फिरवेल. ती फक्त म्हणाली, “तो डॉक्टर को ये बोलो. जल्दी.”

मी धावत गेले. वेटिंगमधली सगळी माणसं ऐकत होती तरी मोठ्यांदा सांगितलं, हा माझ्या पोटचा नाही, याला जन्मतः कावीळ होती, मी खोटं बोलले, आणि तीन दिवस डांबरगोळीच्या कपड्यांत ठेवलाय. डॉक्टरांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही. त्यांनी भराभर सूचना दिल्या. नंतर समजलं की काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक द्रव्य कमी असतं आणि अशांना डांबरगोळी विषासारखी बाधते. पण तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्या मायेनंच त्याचं रक्त नासवलं होतं. रक्त चढवायला सुई लावताना डॉक्टर म्हणाले, “अम्मी, इसका हाथ कस के पकड़िए.” खरं सांगितल्यावर पहिल्यांदा मला कुणी अम्मी म्हणालं.

निरोप मिळताच हे घरून आश्रमाची फाइल घेऊन धापा टाकत आले. दोन दिवस रेहाननं डोळे नीट उघडले नाहीत. एकदा मॉनिटर सारखा वाजायला लागला, नर्सनं आम्हाला पडद्याबाहेर काढलं आणि ह्यांनी भिंतीला कपाळ टेकलं. तिथे कॉरिडॉरमध्ये माझा तगादा संपला. मी म्हटलं, या अल्लाह, हा तुझा आहे, माझा कधीच नव्हता. न्यायचा असेल तर... पुढचं मला म्हणवलं नाही. पण मूठ उघडली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडून माझं बोट धरलं.

त्या बाईला मी खूप शोधलं. शाल परत द्यायची होती. रिसेप्शनवर कुणाला माहीत नव्हतं, शुक्रवारी शेकडो माणसं येतात म्हणाले. त्या शुक्रवारीच रात्री खुर्चीखाली आईची गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवलेली सापडली होती. कुणी म्हणेल योगायोग. मी वाद घालत नाही. एक आई आपलं गेलेलं मूल उरात घेऊन नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली, एवढं मला पुरतं. घरी आल्यावर ह्यांनी गुपचूप ती सगळी बॅग खाली कचऱ्यात नेऊन टाकली. आईच्या हातचे टाके गेले, म्हणून मी तासभर रडले, आणि हे शेजारी बसून राहिले.

परवा लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, “डोळे अगदी आईवर गेलेत हो.” मी म्हटलं, “गेलेही असतील. ती कोण, कुठे आहे, मला माहीत नाही. मला हा फक्त सांभाळायला मिळालाय.” तिचा मजला आला, ती उतरली.

आता मी सजद्यात काही मागत नाही. रेहान नुकताच चालायला शिकलाय. मी डोकं टेकलं की पाठीवर चढून बसतो. त्याचं ते ऊबदार ओझं सांभाळत मी एवढंच म्हणते, तुझा आहे, तुझाच आहे. आज माझ्याकडे राहू दिलास, शुक्र आहे. तो आपण होऊन उतरेपर्यंत मी डोकं वर उचलत नाही.